ई-मेलने पाठवायचे परिचयपत्र : मांडणी आणि पोहोच

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसून नोकरीच्या अर्जाविषयी ऐकणे आपल्यापैकी काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु २०२३ सालच्या नागरी सेवा परीक्षेची आकडेवारी पाहावी. पूर्वपरीक्षेसाठी १०,१६,८५० उमेदवारांनी अर्ज केले, ५,९२,१४१ जण प्रत्यक्ष परीक्षेला बसले आणि अखेरीस १,०१६ जणांची नियुक्तीसाठी शिफारस झाली. अर्जदारांशी ताडून पाहता हे प्रमाण हजारी एक असे पडते. उरलेल्यांनी केलेला अभ्यास वाया जात नाही. तो घेऊन त्यांना बँका, संशोधन संस्था, वृत्तपत्रे, स्वयंसेवी संस्था आणि खासगी कंपन्या यांच्या दारी जावे लागते. मुलाखतीपर्यंत पोहोचूनही अंतिम यादीत न आलेल्या इच्छुक उमेदवारांची माहिती नियोक्त्यांना उपलब्ध करून देण्याची संघ लोकसेवा आयोगाची योजना २०२५ पासून ‘प्रतिभा सेतू’ या नावाने ओळखली जाते. अशा मार्गाने गेले तरी पुढचा पत्रव्यवहार बहुधा ई-मेलनेच होतो आणि त्या ई-मेलसोबत एक कागद मागितला जातो. त्यालाच आपण बायोडाटा किंवा रेझ्युमे म्हणतो. मी त्याला परिचयपत्र म्हणेन.

आयोगाच्या अर्जाला ठरलेली चौकट असते. कोणत्या रकान्यात काय भरायचे, एवढेच काय, छायाचित्राची फाइल किती मोठी असावी हेही तेथे सांगितलेले असते. बँकांच्या भरती परीक्षा घेणाऱ्या आय.बी.पी.एस.च्या अर्जात छायाचित्र २० ते ५० किलोबाइट आणि स्वाक्षरी १० ते २० किलोबाइट असावी लागते, हे आपल्यातील अनेकांना पाठ असेल. या जाचाला आपण कंटाळतो. परिचयपत्राला अशी चौकट कोणी आखून देत नाही आणि अडचण नेमकी तेथेच सुरू होते. जो मजकूर आपण आपल्या पडद्यावर पाहतो, तोच मजकूर अपरिचित माणसाच्या संगणकावर त्याच क्रमाने, त्याच अक्षरांत उमटला पाहिजे. ही जबाबदारी सर्वस्वी पाठवणाऱ्याची असते. माझ्या मते परिचयपत्राच्या मांडणीचा खरा प्रश्न हाच आहे. बाजारात मिळणारे रंगीत नमुने त्याला स्पर्शही करत नाहीत.

ई-मेल काय वाहून नेते?

संगणकांच्या जाळ्यावरून पहिला ई-मेल रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये पाठवला. त्या काळातील संदेश आस्की या संकेतप्रणालीत, म्हणजे १२८ चिन्हांच्या मर्यादेत लिहिले जात. रोमन अक्षरे, अंक आणि थोडी विरामचिन्हे एवढेच त्यात मावत असे. फाइल जोडून पाठवण्याची सर्वमान्य पद्धत १९९२ साली ‘माइम’ या मानकाने रूढ झाली. या पद्धतीत जोडलेली फाइल पुन्हा साध्या अक्षरांत बदलूनच पाठवली जाते. मूळ फाइलमधील प्रत्येक तीन बाइटांसाठी चार अक्षरे खर्ची पडतात. म्हणजे वजन एक तृतीयांशाने वाढते. जीमेलची मर्यादा २५ मेगाबाइटची आहे. २० मेगाबाइटची फाइल तीत मावेल असे वाटते, परंतु वाटेत ती साधारण २७ मेगाबाइट होते.

एवढे वजन होते तरी कसे? दोन पानांच्या परिचयपत्रात साधारण सहा हजार अक्षरे धरू. इंग्रजीत त्यांचे सहा किलोबाइट होतात. देवनागरीत युनिकोडच्या प्रचलित पद्धतीने प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून अठरा किलोबाइट. याउलट एकच ए-४ पान ३०० डीपीआय इतक्या बारकाईने रंगीत स्कॅन केले, तर त्यात सुमारे ८७ लाख बिंदू असतात आणि न आवळलेल्या स्थितीत ते २६ मेगाबाइटचे होते. टंकलेखन करून, छापून, स्वाक्षरी करून आणि मग झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून पाठवलेला अर्ज हा असा असतो. वजन हजारपट आणि आत अक्षर एकही नाही. आहे ते अक्षरांचे चित्र.

जोडलेल्या फाइलकडे नियोक्ते संशयाने पाहतात, त्यालाही इतिहास आहे. मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ हा विषाणू वर्डच्या फाइलमधून जगभर पसरला. मे २००० मध्ये त्याचाच एक अवतार चक्क नोकरीच्या अर्जाचे रूप घेऊन फिरला. विषयाच्या ओळीत ‘रेझ्युमे’ हा शब्द होता आणि फाइल बंद करताच संगणकावरील फायली नष्ट करण्याचा त्याचा डाव होता. तेव्हापासून मॅक्रो असलेली, झिप केलेली वा सांकेतिक शब्द घातलेली फाइल अनोळखी व्यक्तीकडून आली, तर अनेक कार्यालयांच्या प्रणाली ती परस्पर अडवतात. परिचयपत्र अशा वेष्टनात कधीही पाठवू नये.

देवनागरीचे दुखणे

आता ज्या मुद्द्यावर मी अधिक वेळ घेणार आहे, तो भाषेचा. खासगी क्षेत्रात बहुधा इंग्रजी परिचयपत्र चालते. परंतु अनुवाद, पत्रकारिता, पाठ्यपुस्तके, ग्रामविकासाचे काम, सहकारी संस्था, आकाशवाणीचे वार्ताविभाग अशा ठिकाणी भारतीय भाषेतील मजकूर मागितला जाऊ शकतो, किंवा निदान भाषाज्ञानाचा नमुना जोडावा लागतो. इंदूर, बडोदे वा हैदराबाद येथे वाढलेल्या मराठी उमेदवाराला तर मराठीसह दोन-तीन भाषा येणे हीच त्याची जमेची बाजू असते. ती बाजू दाखवणारे पानच अगम्य चिन्हांनी भरून पोहोचले, तर काय होईल?

हे का होते, ते समजून घेऊ. १९८० आणि १९९०च्या दशकांत भारतीय भाषांसाठी जे फॉन्ट तयार झाले, त्यांतील बहुतेकांनी रोमन अक्षरांच्या जागीच देवनागरीच्या आकृत्या बसवल्या. उत्तर भारतातील टंकलेखनात सर्वत्र आढळणाऱ्या ‘कृतिदेव’ फॉन्टमध्ये ‘भारत’ हा शब्द टंकला, तर फाइलमध्ये प्रत्यक्षात एच, के, के, जे, आर ही रोमन अक्षरे साठवली जातात. पडद्यावर ‘भारत’ दिसतो तो केवळ फॉन्टच्या कृपेने. ज्याच्या संगणकावर तो फॉन्ट नाही, त्याला एच-के-के-जे-आर एवढेच दिसणार. महाराष्ट्रातील मुद्रणव्यवसायात रुळलेल्या अशा अनेक फॉन्टचीही हीच गत आहे. शिवाय प्रत्येक उत्पादकाची आकृत्या बसवण्याची रीत निराळी, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये उघडल्यास त्याचे भलतेच काही होते.

यावर उपाय शोधण्यात आपला देश मागे नव्हता, हे आवर्जून सांगितले पाहिजे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली ‘इस्की’ ही संकेतप्रणाली आय.एस. १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध केली. भारतीय लिप्यांमधील समान वर्णक्रम ध्यानात घेऊन तिची रचना झाली होती. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्या देवनागरी विभागाची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८च्या आराखड्यावर आधारलेली होती. युनिकोडमध्ये ‘भ’ या वर्णाला स्वतःचा असा क्रमांक आहे; फॉन्ट कोणताही असो, तो क्रमांक बदलत नाही. विंडोज २००० या प्रणालीपासून ‘मंगल’ फॉन्टसह देवनागरी युनिकोड सामान्य संगणकावर आले. तरीही जुन्या फॉन्टची सवय पुढे अनेक वर्षे सुटली नाही. टंकलेखन शिकलेल्या बोटांना जुना कळफलक सोडवत नव्हता, हे त्याचे साधे कारण आहे. आज इन्स्क्रिप्ट कळफलक शिकण्यात घातलेले दोन आठवडे मी वाया गेलेले मानणार नाही. तो सर्व भारतीय लिप्यांसाठी एकाच तत्त्वावर बेतलेला आहे.

येथे एक बारकावा. युनिकोडमध्ये लिहिलेला मराठी मजकूर हिंदीसाठी घडवलेल्या फॉन्टमध्ये उघडला, की ‘ल’ आणि ‘श’ यांची रूपे वेगळी दिसतात. ते पाहून कित्येक जण घाबरून पुन्हा जुन्या फॉन्टकडे वळतात. त्याची आवश्यकता नाही. वर्ण तोच राहतो, केवळ त्याचे वळण बदलते. वाचणाऱ्यालाही त्यात अडचण येत नाही. मात्र ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’ यांसारख्या शब्दांतील अर्धा र नीट उमटतो की नाही, हे पाठवण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे.

वर्ड की पीडीएफ?

हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला जातो. जाहिरातीत सांगितले असेल ते पाठवावे, हे पहिले उत्तर. काहीच सांगितले नसेल तर पीडीएफ, हे दुसरे. वर्डची फाइल उघडणाऱ्याच्या संगणकावरील फॉन्ट, आवृत्ती आणि पानाचा आकार यांनुसार स्वतःला जुळवून घेते. ज्याच्याकडे आपला फॉन्ट नाही, त्याच्याकडे दुसराच फॉन्ट वापरला जातो, ओळी पुढे सरकतात आणि दोन पानांचा मजकूर तिसऱ्या पानावर दोन ओळी टाकून बसतो. पीडीएफ हे स्वरूप अडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणले आणि २००८ साली ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्यात पानाची मांडणी गोठवलेली असते आणि फॉन्टही फाइलमध्येच समाविष्ट करता येतो.

मग देवनागरीचा प्रश्न सुटला काय? पूर्णपणे नाही. पीडीएफ आकृत्या जपते. त्यांच्यामागील वर्णक्रम ती जपेलच असे नाही. ‘किती’ या शब्दात ऱ्हस्व इकार उच्चारात नंतर येतो, पण लिहिताना आधी. डोळ्यांना शब्द बरोबर दिसतो आणि मजकूर उचलायला गेले की वेलांट्या भलत्याच व्यंजनाला चिकटतात. म्हणून प्रत्येकाने एक साधी परीक्षा घ्यावी. तयार झालेली पीडीएफ उघडावी, सगळा मजकूर निवडून त्याची नक्कल नोटपॅडमध्ये उतरवावी आणि वाचावी. नाव, पत्ता, पदवी, वर्षे क्रमाने येत असतील तर फाइल ठीक आहे. काहीच उतरले नाही, तर आपल्या हाती चित्र आहे. रोमन अक्षरांचा गोंधळ उतरला, तर जुना फॉन्ट कोठेतरी दडून बसला आहे.

या परीक्षेचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढले आहे. मोठ्या कंपन्यांत व नोकरीविषयक संकेतस्थळांवर परिचयपत्र माणसाच्या आधी संगणकीय प्रणाली वाचते, त्यातून नाव, शिक्षण, अनुभव, कौशल्ये वेगळी काढते आणि मगच ते कोणाच्या तरी समोर येते. नोटपॅडमध्ये जे उतरते, साधारण तेच त्या प्रणालीच्या हाती लागते. दोन स्तंभांत मांडलेले पान काही प्रणाली आडवे वाचतात. डावीकडील पदवीला उजवीकडचा छंद चिकटतो. चौकटीत टाकलेला मजकूर किंवा पानाच्या शीर्षपट्टीत लिहिलेला दूरध्वनी क्रमांक काही ठिकाणी वगळला जातो. कौशल्यांसमोर ताऱ्यांची रांग किंवा भरलेली पट्टी काढण्याची अलीकडे पद्धत पडली आहे. इंग्रजीत पाचपैकी चार तारे म्हणजे नेमके काय, हे यंत्राला कळत नाही. खरे तर मलाही कळत नाही.

टंकयंत्राची सवय

गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकयंत्र आणले आणि पुढील अर्धशतकात देशभरातील टंकलेखन वर्गांतून कित्येक पिढ्यांनी मांडणीचे धडे घेतले. त्या यंत्रावर प्रत्येक अक्षर सारखीच जागा घेई. त्यामुळे स्पेसबार मोजून दाबला की रकाने सरळ येत. संगणकातील बहुतेक फॉन्टमध्ये अक्षरांची रुंदी कमी-जास्त असते. स्पेसबारने जुळवलेला रकाना एका संगणकावर सरळ दिसतो, दुसऱ्यावर वाकडा होतो. त्याऐवजी टॅब निश्चित करून घ्यावा. नवे पान हवे असेल तर एंटरची कळ वीस वेळा न दाबता पानखंडाची आज्ञा द्यावी.

पानाचा आकार ए-४, म्हणजे २१० गुणिले २९७ मिलिमीटर, असाच ठेवावा. अमेरिकी लेटर आकाराची उंची त्याहून सुमारे १८ मिलिमीटर कमी आणि रुंदी ६ मिलिमीटर जास्त असते. संगणकावरील मांडणी अमेरिकी असली आणि आपण तिकडे लक्ष दिले नाही, तर छापताना पान विस्कटते. अक्षराचा आकार इंग्रजीसाठी ११ पुरेसा होतो. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार असल्याने एखादा अंक वाढवावा व ओळींतील अंतरही थोडे सैल ठेवावे. रंग, किनारी, पार्श्वचित्रे यांविषयी बोलण्यासारखे काही नाही.

दिनांकाचे मात्र जपावे. ०५/०७/२०२१ ही तारीख भारतात ५ जुलै आणि अमेरिकेत ७ मे अशी वाचली जाते. महिना अक्षरी लिहावा.

काय लिहू नये

आपल्याकडील बायोडाटाची रीत विवाहस्थळांच्या बायोडाटाला फार जवळची आहे. वडिलांचे नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, उंची यांपासून तो सुरू होतो. पहिल्या पानाचा वरचा अर्धा भाग यात खर्ची पडतो. वाचणाऱ्याचे लक्ष तर तेथेच सर्वाधिक असते. याहून गंभीर बाब अशी की ही माहिती उमेदवाराच्या विरोधात जाऊ शकते. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी वृत्तपत्रांतील ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले होते. शैक्षणिक पात्रता समान होती, वेगळी होती ती नावे. तथाकथित उच्च जातींतील नावांच्या तुलनेत दलित आणि मुस्लीम नावांच्या अर्जदारांना पुढील टप्प्याचे बोलावणे येण्याची शक्यता कमी आढळली. नाव तर बदलता येत नाही आणि बदलू नये. परंतु खासगी नियोक्त्याने न विचारलेली जात, धर्म वा कौटुंबिक माहिती आपण होऊन देण्याचे कारण नाही. शासकीय पदांच्या विहित अर्जात आरक्षणाचा प्रवर्ग नोंदवणे ही वेगळी बाब आहे. तेथे तो अचूक नोंदवलाच पाहिजे.

आधार क्रमांक, पॅन, बँक खाते यांना परिचयपत्रात स्थान नाही. प्रमाणपत्रांच्या प्रतीही मागितल्याशिवाय जोडू नयेत. नाव मात्र दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसेच लिहावे, म्हणजे पुढे कागदपत्रांच्या पडताळणीत अडचण येत नाही.

आणि आता आपणा सर्वांना बोचणारा मुद्दा : तयारीची वर्षे. पदवी २०१९ची, अर्ज २०२४चा, मधली जागा कोरी. ती झाकण्यासाठी काही जण वर्षेच गाळतात आणि केवळ कौशल्यांची यादी देतात. निवड समितीवर बसलेल्या कोणालाही हे पहिल्या मिनिटात कळते आणि मग शंका घेतली जाते ती सगळ्याच मजकुरावर. त्याऐवजी अनुभवाच्या रकान्यात कालखंड देऊन एका ओळीत लिहावे की या काळात नागरी सेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी केली, मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलो असेल तर किती वेळा, आणि वैकल्पिक विषय कोणता होता. ज्याची पडताळणी होऊ शकते तेवढेच लिहावे. त्या काळात शिकवणी घेतली असेल, उत्तरपत्रिका तपासल्या असतील, अनुवाद केला असेल, तर ते वेतन मिळालेले काम आहे; त्याला स्वतंत्र ओळ द्यावी. ‘अभ्यास सोडून काही केले नाही’ असे सांगणारे अनेक विद्यार्थी प्रत्यक्षात यातील काही ना काही करत असतात, असा माझा अनुभव आहे.

पाठवताना

फाइलचे नाव नियोक्त्याच्या सोयीचे असावे. ‘रेझ्युमे फायनल नवा दोन’ अशा नावाच्या पन्नास फायली एकाच दिवशी आल्यावर आपली कोणती, हे कोण शोधणार? नाव, आडनाव आणि पद रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, आडव्या रेघेने जोडून लिहावे. देवनागरीतील फाइलनाव जुन्या प्रणालींत अजूनही बिघडते. विषयाच्या ओळीत पदाचे नाव आणि जाहिरात क्रमांक द्यावा. ई-मेलचा मुख्य भाग कोरा ठेवून केवळ फाइल पाठवणे हे दार वाजवून न बोलता उभे राहण्यासारखे आहे. पाच-सहा ओळींत आपण कोण, कोणत्या पदासाठी, कोणती पात्रता आणि संपर्क कोठे करावा एवढे साध्या मजकुरात लिहावे, म्हणजे काही कारणाने फाइल उघडली नाही तरी तेवढे तरी वाचले जाईल. एकच ई-मेल चाळीस पत्त्यांवर, तेही सर्वांना दिसतील असे पाठवू नये.

पाठवण्यापूर्वी तो स्वतःच्या पत्त्यावर पाठवून पाहावा आणि शक्यतो दुसऱ्याच्या संगणकावर किंवा मोबाइलवर उघडावा. आपल्या संगणकावर सर्व फॉन्ट असतात, त्यामुळे तेथे सर्व काही नेहमीच ठीक दिसते. जी प्रत पाठवली ती दिनांक आणि संस्थेच्या नावासह जपून ठेवावी. बोलावणे कधीकधी चार महिन्यांनी येते आणि मुलाखत घेणाऱ्यांच्या हाती तीच जुनी प्रत असते.